मिंकच्या केसांचे रंग आणि नक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरांत अमेरिकन मिंकच्या केसांचे रंग आणि अंगावरील नक्षी यांचा विचार केला आहे. उत्तरे लिहिताना एक गोष्ट सतत समोर ठेवली आहे : केसांचा रंग बदलणारे जनुक बहुधा केसांपुरते थांबत नाही. तेच जनुक कानात, रक्तात किंवा शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अवयवातही काम करत असते. त्यामुळे मिंकच्या रंगाची चर्चा करताना त्याच्या प्रकृतीची चर्चा टाळता येत नाही.

मिंक हा नेमका कोणता प्राणी? तो मुंगसाच्या कुळातला आहे का?

नाही. लांबट अंग, आखूड पाय आणि चपळ हालचाल यांमुळे मिंकचे छायाचित्र पाहून आपल्याकडे अनेकांना मुंगूस आठवते, परंतु मुंगसाचे कुळ वेगळे आहे. मिंक हा मस्टेलिडी कुळातला मांसाहारी प्राणी असून आपल्याकडे आढळणारे पाणमांजर आणि चांदी अस्वल (नावात अस्वल असले तरी हा हनी बॅजर) हे त्याचे खरे नातेवाईक आहेत. पाणमांजराप्रमाणेच मिंकही पाण्याच्या काठाने राहतो, उत्तम पोहतो आणि मासे, बेडूक, कवचधारी जीव, उंदीर, पक्षी अशी शिकार करतो.

अमेरिकन मिंक मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी मस्टेला व्हायसन होते, नंतर ते निओव्हायसन व्हायसन झाले आणि २०२१ पासून निओगेल व्हायसन असे लिहिले जाऊ लागले. जुन्या आणि नव्या लेखनात निरनिराळी नावे दिसली तरी प्राणी तोच आहे. युरोपियन मिंक मात्र स्वतंत्र जाती आहे. अमेरिकन मिंकमध्ये ३० गुणसूत्रे असतात, तर युरोपियन मिंकमध्ये ३८. युरोपियन मिंक आज अतिसंकटग्रस्त आहे. येथे वर्णन केलेले सगळे पाळीव रंग अमेरिकन मिंकचे आहेत.

रानातल्या मिंकचा रंग कोणता असतो?

गडद तपकिरी. शेपटीकडे तो अधिक काळपट होत जातो. हनुवटीवर बहुधा पांढरा डाग असतो आणि गळा, छाती किंवा पोटावरही लहानमोठे पांढरे ठिपके असू शकतात. हे ठिपके प्रत्येक प्राण्यात वेगळे असल्यामुळे अभ्यासक त्यांवरून एकेक मिंक ओळखू शकतात. युरोपियन मिंकचे वरचे आणि खालचे असे दोन्ही ओठ पांढरे असतात, अमेरिकन मिंकचा वरचा ओठ सामान्यतः गडदच राहतो.

प्रदेशानुसारही फरक पडतो. क्वेबेककडील मिंक आकाराने लहान, अधिक गडद आणि रेशमी केसांचा, तर अलास्का आणि युकॉनकडील मिंक मोठा असतो. केसाळ कातड्यासाठी मिंकपालन करणाऱ्यांनी या निरनिराळ्या प्रदेशांतील प्राण्यांचा संकर करून मोठा आकार आणि गडद रंग एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. आज ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखला जाणारा पाळीव गडद मिंक हे त्या मिश्रणाचे आणि त्यानंतरच्या दीर्घ निवडीचे फळ आहे.

केसांना रंग येतो कसा?

मिंकच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वर लांब, चकचकीत राठ केस आणि आत दाट, मऊ लव. आपल्याला दिसणारा रंग प्रामुख्याने वरच्या केसांचा असतो, परंतु आतल्या लवेची छटा त्यातून डोकावते आणि एकूण रंग उजळ दिसणार की गढूळ, हे बऱ्याच अंशी ती ठरवते.

रंगद्रव्याचे नाव मेलॅनिन. ते रंगपेशींत तयार होते, त्या पेशींमधील सूक्ष्म पुटिकांत (पिशव्यांत) साठवले जाते आणि तेथून वाढत्या केसाच्या पेशींकडे सोपवले जाते. या वाटेवर बिघाड होऊ शकेल अशी ठिकाणे अनेक आहेत. रंगद्रव्य तयारच होत नाही, तयार होते पण वेगळ्या छटेचे होते, पुटिका फुगून मोठ्या होतात, पुटिकांची वाहतूक अडते किंवा मुळात रंगपेशीच त्या जागी पोहोचत नाहीत. मिंकचा जवळजवळ प्रत्येक रंग यांपैकी कोणत्या ना कोणत्या ठिकाणी झालेल्या बदलातून आलेला आहे. हे ध्यानात घेतले की रंगांची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

इतके रंग आले कोठून? रानात ते का दिसत नाहीत?

मिंक पिंजऱ्यात पाळण्यास १८६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात सुरुवात झाली. पहिली अनेक दशके सगळे मिंक तपकिरीच होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात निळसर राखाडी पिल्ले जन्माला आली आणि त्यातून ‘सिल्व्हरब्लू’ हा पहिला रंग स्थिर झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एकामागून एक नवे रंग नोंदवले गेले. आज रंग बदलणारी तीसहून अधिक उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) माहीत आहेत आणि त्यांच्या मिश्रणांतून होणाऱ्या छटांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे.

पाळल्यामुळे ही उत्परिवर्तने निर्माण झाली, असे मात्र समजू नये. जनुकांत असे बदल रानातही होतातच. त्यांतील बहुतेक अप्रभावी (दोन प्रती एकत्र आल्याशिवाय परिणाम न दाखवणारे) असल्यामुळे ते गडद रंगाआड पिढ्यानपिढ्या लपून राहतात, आणि एखादे फिके पिल्लू जन्मले तरी त्याला पुढे टिकून राहणे कठीण जाते. पालनकेंद्रात दोन गोष्टी बदलल्या. जवळच्या नात्यातील जोड्या लावल्या गेल्याने लपलेली जनुके एकत्र येऊ लागली, आणि वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाला माणसाने मुद्दाम जपून वाढवले. नव्या रंगाची किंमत अधिक येत असल्याने हे जपणे व्यापाराच्या गरजेतून होत होते. त्याच्या पोटात आलेले दोषही त्याबरोबर जपले गेले.

सिल्व्हरब्लू मिंकमध्ये नेमके काय बदललेले असते?

रंगद्रव्य तेच असते, त्याची वाहतूक बिघडलेली असते. मेलॅनोफिलिन नावाचे प्रथिन रंगद्रव्याच्या पुटिका पेशीच्या टोकांपर्यंत नेण्यास मदत करते. सिल्व्हरब्लू मिंकमध्ये या प्रथिनाच्या जनुकाचा, म्हणजे एमएलपीएचचा, काही भाग गळालेला असतो. त्यामुळे पुटिका पेशीच्या मध्याशी गोळा होऊन राहतात, केसात रंगद्रव्य सारखे पसरत नाही आणि तपकिरीऐवजी निळसर राखाडी रंग दिसतो. निळ्या-करड्या मांजरांत आणि कुत्र्यांच्या काही जातींतही याच जनुकातील बदलांमुळे रंग फिका होतो. माणसांत या जनुकातील दोषामुळे ग्रिसेली सिंड्रोमचा तिसरा प्रकार होतो. त्यात केस चंदेरी दिसतात, परंतु पहिल्या दोन प्रकारांसारखे गंभीर दुखणे नसते. रंगापुरता बऱ्याच अंशी मर्यादित राहणारा बदल म्हणून सिल्व्हरब्लूचे उदाहरण द्यावे लागते, कारण पुढचा रंग तसा नाही.

अल्यूशियन रंगाचे मिंक लवकर आजारी पडतात, हे खरे आहे का?

होय, आणि त्याचे कारण रंगाच्या कारणाहून वेगळे काढता येत नाही. अल्यूशियन हा पोलादी निळसर रंग १९४१ मध्ये ओरेगॉन राज्यात प्रथम आढळला. त्याच्या मुळाशी एलवायएसटी या जनुकातील बदल आहे. या जनुकात बिघाड झाला की पेशींतील पुटिका एकमेकींत मिसळून अवाजवी मोठ्या होतात. रंगपेशींत हे घडले की रंगद्रव्य मोजक्या मोठ्या गोळ्यांत साठते आणि रंग फिका निळसर होतो. परंतु रोगजंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींतही अशाच पुटिका असतात आणि त्याही तशाच फुगतात, त्यामुळे त्या पेशी नीट काम करू शकत नाहीत. रक्त गोठण्याच्या क्रियेवरही परिणाम होतो.

माणसांत हाच दोष शेडियाक-हिगाशी सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. त्या विकाराची मुले फिक्या केसांची असतात आणि त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो. अल्यूशियन मिंकमध्ये तोच विकार असल्याचे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले आणि तेव्हापासून या दुर्मिळ मानवी आजाराच्या अभ्यासात मिंकचा उपयोग झाला आहे. ज्या प्राण्याला केवळ रंगासाठी निवडून वाढवले, त्याचे सगळे आयुष्य एका रोगासह जाते, ही गोष्ट या रंगाचे कौतुक करणाऱ्या लेखनात अनेकदा वगळली जाते. ती तेथे असायला हवी.

मग ‘अल्यूशियन डिसीज’ फक्त याच रंगाच्या मिंकला होतो का?

नाही. हा एका पार्व्होविषाणूमुळे होणारा स्वतंत्र संसर्गजन्य आजार आहे. १९५० च्या दशकात त्याचे वर्णन प्रथम अल्यूशियन रंगाच्या मिंकमध्ये झाल्यामुळे त्याला हे नाव चिकटले. विषाणू कोणत्याही रंगाच्या मिंकमध्ये शिरतो, मात्र अल्यूशियन रंगाचे प्राणी लवकर आणि अधिक तीव्रतेने आजारी पडतात. यात विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूसह मूत्रपिंडांत साचून त्यांची हानी करतात. परिणामकारक लस उपलब्ध नसल्याने पालनकेंद्रांत रक्ततपासणी करून बाधित प्राणी वेगळे काढण्यावरच भर दिला जातो.

दोन्ही पालक निळसर राखाडी असूनही सगळी पिल्ले तपकिरी कशी निघू शकतात?

जनुकशास्त्र शिकणाऱ्यांना हा प्रश्न मनापासून आवडावा असा आहे. एक पालक सिल्व्हरब्लू आणि दुसरा अल्यूशियन असेल, तर असेच घडते. दोघे दिसायला जवळचे असले तरी त्यांच्या रंगामागील जनुके वेगळी आहेत. सिल्व्हरब्लू पालकाकडे अल्यूशियनच्या जागी निरोगी जनुक असते आणि अल्यूशियन पालकाकडे सिल्व्हरब्लूच्या जागी निरोगी जनुक असते. प्रत्येक पिल्लाला दोन्ही जागी एकेक निरोगी प्रत मिळते. दोन्ही रंग अप्रभावी असल्याने ती एक प्रत पुरेशी ठरते आणि पिल्लू मूळच्या गडद रंगाचे होते.

नवा रंग जुन्याच जनुकातला आहे की वेगळ्या, हे ठरवण्याची रीतही हीच आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या रंगांची जोडी लावायची. पिल्ले त्याच रंगाची निघाली तर जनुक एक, तपकिरी निघाली तर जनुके दोन. डीएनए वाचण्याचे तंत्र येण्याच्या कितीतरी आधी मिंकच्या रंगांची वर्गवारी अशा जोड्यांतूनच उभी राहिली.

सफायर आणि व्हायोलेट हे रंग कसे मिळतात?

सफायर हे अल्यूशियन आणि सिल्व्हरब्लू यांचे एकत्र रूप आहे. दोन्ही अप्रभावी जनुकांच्या दोन-दोन प्रती एकाच प्राण्यात आल्या की हा फिका, स्वच्छ निळसर रंग दिसतो. वरच्या उत्तरातील तपकिरी पिल्ले मोठी होऊन आपसांत जोडली, तर पुढच्या पिढीत सरासरीने १६ पिल्लांमागे ९ गडद, ३ अल्यूशियन, ३ सिल्व्हरब्लू आणि १ सफायर असे प्रमाण अपेक्षित असते. पाठ्यपुस्तकात वाटाण्याच्या दाण्यांवर शिकवले जाणारे ९:३:३:१ हे गुणोत्तर येथे जसेच्या तसे भेटते.

व्हायोलेट रंगासाठी याच्या जोडीला ‘मॉयल’ हे तिसरे अप्रभावी जनुक लागते. तिन्ही जनुकांची एकेक प्रत असलेल्या जोडीला व्हायोलेट पिल्लू होण्याची शक्यता ६४ पैकी १ इतकीच असते. मिंकची वीण वर्षातून एकदाच होते. जोड्या मार्चच्या सुमारास लागतात आणि पिल्ले एप्रिलअखेर ते मेमध्ये जन्मतात. एका वेतात साधारण चार-सहा पिल्ले होतात, हे लक्षात घेतले तर असा रंग शून्यातून घडवण्यासाठी किती पिढ्या आणि किती प्राणी खर्ची पडतात याची कल्पना येईल. रंग एकदा मिळाला की व्हायोलेट आणि व्हायोलेट यांच्या जोडीची सगळी पिल्ले व्हायोलेटच होतात. मात्र ती ओळ (वंश) मूठभर पूर्वजांपासून आलेली असल्याने तिच्यात नात्यातल्या संकराचे दुष्परिणाम साचण्याचा धोका कायम राहतो.

सगळे पांढरे मिंक एकाच प्रकारचे असतात का?

मुळीच नाही. पांढरेपणाला पोहोचणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार वर्णहीन मिंकचा. त्याच्या अंगात रंगपेशी असतात, परंतु टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) निकामी असल्याने मेलॅनिन बनतच नाही. त्यामुळे डोळेही गुलाबी दिसतात. टीवायआर या जनुकातील अशाच दोषांमुळे माणसांत वर्णहीनतेचा एक प्रमुख प्रकार होतो.

दुसरा प्रकार हेडलुंड पांढऱ्या मिंकचा. त्याचे डोळे काळे असतात आणि अंग स्वच्छ पांढरे असते, त्यामुळे व्यापारात त्याला वर्णहीन मिंकपेक्षा अधिक मान मिळाला. येथे बदल एमआयटीएफ या जनुकात आहे. रंगपेशी घडणे आणि टिकणे या जनुकावर अवलंबून असते. हेडलुंड मिंकच्या त्वचेत रंगपेशी नसतात आणि आतल्या कानातही नसतात. आतल्या कानातील द्रवाचे रासायनिक संतुलन राखण्यासाठी रंगपेशी आवश्यक असतात आणि त्यांच्याविना ऐकण्याची यंत्रणा चालत नाही. परिणामी हेडलुंड मिंक दोन्ही कानांनी बहिरा असतो. मिंकची पिल्ले जन्मतः आंधळी आणि असहाय असतात, आणि भूक किंवा थंडी लागली की आवाज करून आईला बोलावतात. आई बहिरी असेल तर ती हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. याच जनुकातील दोषांमुळे माणसांत वार्डनबर्ग सिंड्रोमचा दुसरा प्रकार होतो, ज्यात बहिरेपणा आणि रंगातील बदल एकत्र येतात. पांढरा रंग पाहून त्याच्या शुद्धतेचे वर्णन करणाऱ्यांनी त्या प्राण्याच्या शांत जगाचाही विचार करावा, असे आम्हांला कळकळीने वाटते.

तिसऱ्या प्रकारचा पांढरेपणा क्रॉस नक्षीच्या जनुकातून येतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हिमालयन मिंक हिमालयातला असतो का?

नाही. अंग फिके आणि चेहरा, पाय, शेपटी गडद, अशा नक्षीला हे नाव दिले जाते. सयामी मांजर आणि हिमालयन ससा यांच्यात दिसते तीच ही रचना. टीवायआर जनुकातील वेगळ्या बदलामुळे या प्राण्यांचे टायरोसिनेज उष्णतेत काम करत नाही, पण थंड भागांत करते. शरीराचा मधला भाग उबदार असल्याने तेथे रंग बनत नाही, टोकांचे भाग थंड असल्याने तेथे बनतो.

पेस्टल मिंकची मान वाकडी का होते?

रॉयल पेस्टल हा उबदार, फिकट तपकिरी रंग अप्रभावी आहे. या रंगाच्या काही मिंकमध्ये डोके एका बाजूला कलते, मान पिळवटते आणि पाण्यात सोडल्यास त्यांना दिशा कळत नाही. आतल्या कानात तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे असतात. या मिंकमध्ये ते नीट घडत नाहीत किंवा मुळीच नसतात. १९७० च्या दशकात झालेल्या संशोधनात एक महत्त्वाची गोष्ट दिसली : गाभण मादीच्या आहारात मँगनीज हे मूलद्रव्य अधिक प्रमाणात दिले, तर पिल्लांतील हा दोष टाळता येतो. पिल्लांचा रंग पेस्टलच राहतो, कान मात्र सुधारतो. जन्मजात जनुकीय दोष आहाराने रोखता येण्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते, आणि रंगाच्या जनुकांचा अभ्यास प्राण्याच्या भल्यासाठी वापरता येतो हेही त्यातून दिसते.

पॅलोमिनो आणि पर्ल यांत फरक काय?

अमेरिकन पॅलोमिनो हा फिका बदामी रंग आहे. टीवायआरपी१ या जनुकात डीएनएचा मोठा तुकडा घुसल्याने तो येतो. पॅलोमिनोला सिल्व्हरब्लूची जोड मिळाली की पर्ल ही मोतिया छटा तयार होते.

क्रॉस, जॅग्वार अशा नक्षी कशा तयार होतात?

आतापर्यंतचे बहुतेक रंग अंगभर सारखे पसरलेले होते. नक्षीचा संबंध रंगपेशींच्या प्रवासाशी आहे. गर्भावस्थेत रंगपेशींचे पूर्वज पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ निर्माण होतात आणि तेथून दोन्ही बाजूंनी खाली पोटाकडे, पायांकडे आणि पुढे चेहऱ्याकडे सरकतात. हा प्रवास अपुरा राहिला तर सर्वांत दूरचे भाग पांढरे राहतात. रानातल्या मिंकच्या हनुवटीवर आणि पोटावर पांढरे डाग का असतात, याचेही उत्तर यातच आहे.

ब्लॅक क्रॉस मिंकमध्ये पाठीवरून एक गडद पट्टा जातो आणि खांद्यांवर आडवा पसरतो, तर बाजू आणि पोट पांढरे असते. हे जनुक अपूर्ण प्रभावी आहे. त्याची एक प्रत असेल तर क्रॉस दिसतो, दोन प्रती असतील तर प्राणी जवळजवळ पांढरा होतो आणि थोडेच काळे डाग उरतात. उत्तर युरोप आणि रशियातील मिंकपालक या नक्षीला कोहिनूर असेही म्हणतात. क्रॉस जनुक नक्षी ठरवते आणि रंग ठरवण्याचे काम इतर जनुकांवर सोपवते, त्यामुळे सफायर क्रॉस, पेस्टल क्रॉस अशा जोड्या शक्य होतात. जॅग्वार मिंकच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असतात, आणि एकाच वेतातील दोन भावंडांचे ठिपकेही जुळत नाहीत.

काही रंगांच्या जोड्या लावू नयेत असे का सांगतात?

काही प्रभावी रंगांच्या जनुकाची एक प्रत प्राण्याला जगू देते, पण दोन प्रती आल्या तर गर्भ जन्मापूर्वीच मरतो. ‘शॅडो’ हा त्यांतील सर्वांत अभ्यासलेला रंग. दोन शॅडो मिंकची जोडी लावली तर सरासरी एक चतुर्थांश गर्भ नष्ट होतात आणि वेत लहान होते. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथील संशोधकांनी दिवसाच्या लांबीचा या गर्भमृत्यूंवर काय परिणाम होतो, याचाही अभ्यास केला आहे. अशा रंगाच्या प्राण्याची जोडी नेहमी वेगळ्या रंगाशी लावणे, हाच विवेकी मार्ग होय.

गडद काळा मिंक हा वेगळा रंग आहे की तपकिरीचेच टोक?

दोन्ही प्रकार आहेत. स्टँडर्ड मिंक अनेक पिढ्यांच्या निवडीने हळूहळू काळपट होत गेला. त्यात कोणा एका जनुकाचा हात नसून अनेकांचा थोडाथोडा वाटा आहे. याउलट ‘जेट ब्लॅक’ हा प्रभावी गुणधर्म कॅनडातील नोव्हा स्कोशियातून पुढे आला. काळ्या आणि रानटी तपकिरी प्राण्यांच्या संकरातून मिळणाऱ्या मधल्या छटेला महोगनी म्हणतात.

हिवाळ्यात मिंक पांढरा होतो का?

नाही. त्याच कुळातला एर्मिन हा छोटा प्राणी उन्हाळ्यात तपकिरी आणि बर्फाळ प्रदेशात हिवाळ्यात पांढरा होतो, त्यावरून हा गैरसमज झाला असावा. मिंक वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, कात टाकल्यासारखे केस बदलतो. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी केस वाढू लागतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास ते पूर्ण दाट होतात. रंग मात्र तोच राहतो.

माणसाळवण्याचा आणि रंगाचा काही संबंध आहे का?

असल्याचे दिसते. नोव्होसिबिर्स्क येथील सायटोलॉजी आणि जेनेटिक्स संस्थेत द्मित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सुरू केलेला कोल्ह्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात केवळ शांत स्वभाव पाहून निवडलेल्या कोल्ह्यांत काही पिढ्यांनी पांढरे डाग दिसू लागले. त्याच संस्थेत मिंकवरही असे काम झाले. स्वभावावरून निवडलेल्या ओळींत पांढरे डाग वाढले आणि ‘ब्लॅक क्रिस्टल’ हा नवा रंगही तेथेच मिळाला. त्यात गडद अंगावर पांढऱ्या राठ केसांची विरळ जाळी पसरलेली दिसते. रंगपेशी आणि ताण हाताळणाऱ्या ग्रंथींच्या काही पेशी गर्भात एकाच मूळ पेशीसमूहातून येतात, हे या संबंधाचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते.

पालनकेंद्रातून पळालेल्या रंगीत मिंकचे पुढे काय होते?

युरोपात आणि दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे आज मोकळे फिरणारे मिंक हे पळालेल्या किंवा सोडलेल्या पाळीव मिंकचेच वंशज आहेत. ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मिंकपालन सुरू झाले आणि १९५६ मध्ये डेव्हनमधील टीन नदीकाठी मिंक रानात प्रजनन करत असल्याचे सिद्ध झाले. पळालेल्यांत सिल्व्हरब्लू, पेस्टल असे अनेक रंग होते, तरी काही पिढ्यांत बहुसंख्य प्राणी पुन्हा गडद तपकिरी दिसू लागतात. वेगवेगळ्या रंगांचे प्राणी आपसांत मिसळले की अप्रभावी जनुके झाकली जातात, हे त्याचे एक कारण. बहिरेपण किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती घेऊन रानात जगणे अवघड असते, हे दुसरे. मध्येच एखादा राखाडी मिंक दिसतो, तेव्हा ती जनुके अजून तेथे असल्याचा पुरावा मिळतो. ब्रिटनमधील पाणउंदरांची संख्या घटण्यात या मिंकचा मोठा वाटा आहे, आणि तो वाटा त्यांच्या रंगावर अवलंबून नाही.

दुकानांतील नावे आणि जनुकशास्त्रातील नावे वेगळी का?

व्यापारी नावे विक्रीसाठी दिलेली आहेत. अमेरिकेतील रंगीत मिंकपालकांच्या ‘एम्बा’ या संघटनेने ऑटम हेझ, सेरुलियन, लुटेशिया, टूर्मलीन, जास्मिन अशी नावे व्यापारचिन्हे म्हणून रूढ केली. त्यांवरून जनुकांचा पत्ता लागत नाही. शिवाय अमेरिका आणि स्कँडिनेव्हिया यांच्या जनुकचिन्हांच्या पद्धतीही वेगळ्या आहेत, म्हणून अभ्यास करताना आधी लेखकाने कोणती पद्धत वापरली आहे ते पाहावे.

२०२० मधील डेन्मार्कच्या घटनेचा रंगांशी काय संबंध?

मिंकमध्ये कोविडचा विषाणू पसरून बदललेल्या रूपात माणसांत परतल्याचे आढळल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्क सरकारने देशातील सगळे मिंक मारण्याचा निर्णय जाहीर केला. दीड कोटीहून अधिक प्राणी मारले गेले. डेन्मार्क तेव्हा जगातील आघाडीचा उत्पादक असल्याने अनेक दशकांत घडवलेल्या रंगांच्या ओळी काही आठवड्यांत संपल्या. मिंकपालकांनी आयुष्यभराच्या कामाचा शोक केला आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही दाटीने ठेवलेल्या, जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या फार जवळच्या प्राण्यांत रोग किती वेगाने पसरतो, हे या घटनेत स्पष्ट दिसले, आणि त्या विचारापासून दूर जाता येणार नाही.

आपल्याकडे मिळणारे ‘मिंक ब्लँकेट’ मिंकच्या केसांचे असते का?

नाही. ते पॉलिस्टरच्या धाग्याचे असते आणि पानिपतसारख्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर बनते. त्याचे रंग आणि नक्षी छापलेल्या असतात.

भारतात मिंक नाहीत, मग विद्यार्थ्यांनी हे कोठे पाहावे?

मिंक भारतात मूळचा आढळत नाही आणि जानेवारी २०१७ पासून मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या केसाळ कातड्यांच्या आयातीवर बंदी आहे. परंतु येथे सांगितलेली जनुके आपल्या आसपास आहेत. निळसर करड्या मांजरात सिल्व्हरब्लूचे एमएलपीएच जनुक पाहता येते, सयामी मांजरात हिमालयन मिंकचे टीवायआर, आणि लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशात वर्णहीन मिंकचा दोष. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणा अनेकदा आढळतो. तेथे जनुक एमआयटीएफ नसून किट हे आहे, मात्र आतल्या कानात रंगपेशी न पोहोचणे हे कारण तेच आहे. अशी मांजर घरी असेल तर तिच्यामागे उभे राहून टाळी वाजवावी आणि तिचे कान वळतात का ते पाहावे. ती वळून पाहत नसेल तर तिला रस्त्यावर मोकळे सोडू नये, कारण मागून येणारे वाहन तिला ऐकू येणार नाही.